बेबीमून व्हाया बाणावली

मालदीवचं स्वप्न, सासूबाईंचा व्हेटो आणि डॉक्टर मॅडमचा एकच प्रश्न... बाळाआधीची सुट्टी प्लॅन करताना!

हनिमूनला मनाली, पहिल्या अ‍ॅनिव्हर्सरीला थायलंड आणि बाळ यायच्या आधी मालदीव! आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात सुट्ट्यांचा हा असा फिक्स सिलॅबस आहे. त्यातल्या तिसऱ्या पेपरचं नाव बेबीमून. बाळ आलं की झोपेचं खोबरं ठरलेलंच, म्हणून त्याआधी दोघांनीच कुठेतरी समुद्रकिनारी चार दिवस मस्त लोळून यायचं, असा हा सगळा फंडा. गंमत म्हणजे हा शब्द लोकप्रिय केला तो शीला किट्झिंगर या ब्रिटिश लेखिकेनं आणि तिच्या मनात होते ते बाळ जन्मल्यानंतरचे दिवस. आई, बाबा आणि बाळ यांनी दार लावून घरातच एकमेकांची ओळख करून घ्यायची! पुढे ट्रॅव्हलच्या जगात तोच शब्द बाळाआधीच्या ट्रिपला जाऊन चिकटला.

मला आता विसावा आठवडा सुरू आहे. त्यामुळे पेपर तीन आमच्याही दारात आलाय. आणि गेले पंधरा दिवस आमच्या घरात त्याच एका विषयावर गोलमेज परिषद भरते आहे.

सासूबाईंचा व्हेटो

पहिला व्हेटो अपेक्षित ठिकाणाहूनच आला. ‘कशाला जिवाशी खेळ? इथंच एसी लाव आणि झोप की चार दिवस!’ इति सासूबाई. मी म्हटलं, ‘अहो आई, डोहाळे पुरवायची पद्धत आपलीच ना?’ आणि खरंच, आपल्याकडच्या डोहाळेजेवणाच्या थीम्स आठवून बघा. चांदण्यातलं, बागेतलं, झोपाळ्यावरचं... आणि नावेतलं! निळी चादर, पुठ्ठ्याची होडी, फुलांची वल्ही आणि मधोमध हिरव्या साडीतली उत्सवमूर्ती. म्हणजे पोटुशी बाईला पाण्यावर न्यायची आयडिया आपल्या आज्यांना कधीच सुचली होती. फक्त त्यांची होडी हॉलमध्येच असायची!

नवरोबांनी यावर आणखी एक पुस्ती जोडली, ‘आई, सीतेलासुद्धा गंगेकाठच्या आश्रमांत जायचे डोहाळे लागले होते.’ सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘आणि पुढे काय झालं, ते वाचलंयस का?’

विषय संपला!

पण त्यांची भीती हसून उडवून लावावी अशी नव्हती, कारण ती माझीही होती. हे आमचं दुसरं. पहिलं नवव्या आठवड्यात थांबलं. ‘तू काही केलंस म्हणून झालं नाही, इतक्या लवकर बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच काहीतरी बिघडलेलं असतं,’ असं डॉक्टर मॅडमनी तेव्हा दोन-दोनदा समजावलं होतं. डोक्याला ते पटलं. पण या वेळी प्रत्येक आठवडा मी रिझल्टच्या दिवसासारखा काढलाय. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, सिग्नलला... मनात हिशेब चालूच. मला समुद्र हवा होता तो फोटोंसाठी नाही. मला चार दिवस हे मोजणं थांबवायचं होतं.

म्हणून आमचा खरा प्रश्न ‘मालदीव की गोवा’ हा नव्हताच. काळजी आपल्या बॅगेत बसून सोबत येणार नाही, अशी सुट्टी आखायची कशी, हा होता. त्याचं उत्तर डॉक्टर मॅडमनी एका वाक्यात दिलं. ‘रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं तर तुम्ही कुठे जाल? याचं उत्तर जिथे पटकन देता येईल, तिथे खुशाल जा.’

कधी निघायचं?

आधी तारीख. चौदाव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ प्रवासाला सगळ्यात सोयीचा मानतात. उलट्या बहुतेकींच्या थांबलेल्या असतात, पोट अजून आवरण्यासारखं असतं. आम्ही तेविसावा आठवडा निवडला, कारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होणारी मोठी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनॉमली स्कॅन, तोवर उरकलेली असते. तिचा रिपोर्ट हातात असला की विमानात निम्मं मन हलकं होऊन बसतं.

विमान कंपन्यांचे नियम थोडेफार वेगवेगळे असतात. साधारणपणे अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ सर्टिफिकेट मागतात आणि छत्तिसाव्यानंतर बहुतेक कंपन्या नेतच नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. तिकीट काढण्याआधी आपल्या कंपनीची वेबसाइट बघाच. आणि परतीच्या दिवशी कितवा आठवडा असेल, तेही मोजा!

ऑफिसवाल्यांसाठी खास सूचना : ही ट्रिप साध्या रजेतच बसवा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पण बाळाबरोबरचा एकेक दिवस पुढे सोन्याचा असणार आहे, तो इथं कशाला खर्चायचा?

कुठे जायचं?

मालदीवचं ब्रोशर मी तीन दिवस उशाशी ठेवलं होतं. मग डॉक्टर मॅडमचा प्रश्न त्याला लावून पाहिला. तिथल्या लांबच्या बेटांवरच्या रिसॉर्ट्सना सीप्लेननं जावं लागतं आणि सीप्लेन उडतात फक्त दिवसाउजेडी. म्हणजे रात्री दोन वाजता आपण आणि अथांग निळा समुद्र! जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, पण लाटांवर आपटत जाणारी बोट या दिवसांत नकोच. शिवाय परदेशी ट्रिपच्या बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स पॉलिसीत गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो. बारीक अक्षरात असतो, पण असतो. ब्रोशर रद्दीत गेलं.

मग आपलं कोकण. तारकर्ली म्हणजे माझा वीक पॉइंट, पण पुण्याहून गाडीनं आठ-नऊ तास, त्यात घाट. दिवेआगर जवळ, पण मध्ये ताम्हिणी. ताम्हिणीची वळणं एरवी रोमँटिक असतील हो, पण दर पाऊण तासाला बाथरूम शोधणाऱ्या बाईला त्यात काव्य दिसत नाही!

शेवटी बोट गोव्यावर टेकलं, तेही दक्षिण गोव्यावर. बाणावली. पुण्याहून विमानानं साधारण तासाभराचा प्रवास, लांबच लांब सपाट वाळू आणि मुख्य म्हणजे मडगाव शहर सहा-सात किलोमीटरवर. मडगावात जिल्हा रुग्णालय आहे, खासगी हॉस्पिटलं आहेत. त्याहून मोठं काही लागलंच तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. रात्री दोनचा प्रश्न सुटला! फक्त गोव्याचं तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. जानेवारी २०२३ पासून मोपालाही विमानं उतरतात आणि मोपा पार उत्तर टोकाला, पेडण्यात आहे. बाणावलीला जायचं तर दाबोळीच सोयीचं, नाहीतर विमानापेक्षा टॅक्सीतच जास्त वेळ जायचा.

डासांचं काय?

‘घरीच बसावं, तेच सेफ,’ या युक्तिवादाला एक मोठं भोक आहे आणि त्यातून डास आत येतात. २०१६ मध्ये झिका या विषाणूनं जगभर खळबळ उडवली. गर्भवतीला लागण झाली तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून. मालदीव, थायलंड, इंडोनेशिया या लाडक्या बीच डेस्टिनेशन्सवर झिका नोंदला गेलाय. पण आपलं काय? महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. आणि २०२४ च्या पावसाळ्यात खुद्द पुणे शहरात रुग्ण निघाले, त्यांत गर्भवतीही होत्या.

यावर लस नाही. त्यामुळे डासांपासून बचाव हाच उपाय, मग तो बाणावलीत असो नाहीतर कोथरूडमध्ये. झिका पसरवणारा एडिस डास दिवसासुद्धा चावतो. फिके, सैलसर, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डीट किंवा पिकारिडिन असलेलं रिपेलंट सूचनेप्रमाणे लावलं तर गरोदरपणातही चालतं. आधी सनस्क्रीन, मग रिपेलंट, हा क्रम. ट्रिप ठरवताना त्या भागात सध्या साथ आहे का, हे डॉक्टरांना विचारा. आणि नवरोबांनीही मच्छरदाणीबाहेर शौर्य गाजवू नये. झिका शरीरसंबंधांतूनही पसरतो!

एक्सेल शीट, वजाबाकीसकट

आमचे नवरोबा प्रोजेक्ट मॅनेजर. त्यामुळे चार दिवसांच्या सुट्टीचं एक्सेल शीट तयार झालं, त्यात अकरा ओळी! मी लाल पेन घेऊन बसले.

स्कूबा डायव्हिंग पहिल्यांदा उडालं. पाण्याखालच्या दाबामुळे होणारे बुडबुडे बाळाला धोक्याचे ठरू शकतात, त्यामुळे गरोदरपणात ते पूर्ण बंद. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड यांनाही टाटा, कारण धक्का आणि आपटणं नको. हॉट टब आणि सॉना गेले, शरीराचं तापमान फार वाढायला नको. स्पामधला मसाज डॉक्टरांना विचारून आणि कुशीवर झोपून चालेल. स्विमिंग पूलमध्ये डुंबणं मात्र मस्त चालतं. पाठीवरचा भार पाणी उचलतं, ते सुख विचारू नका! समुद्रात लाइफगार्ड असतील तिथे, लाल झेंडा नसताना, गुडघाभर पाण्यात.

आता मासे. गोव्याला जाऊन मासे खायचे नाहीत, ही शिक्षा कुणालाच नको आणि ती मिळतही नाही. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, म्हणून मोरी टाळायची आणि सुरमईचा मोह आवरायचा. बांगडा, तारली अशा छोट्यांवर ताव मारायचा. अर्थात सगळं ताजं आणि पूर्ण शिजलेलं. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं नकोत. बर्फाचा गोळा आणि उघड्यावरचा ज्यूस नको, शहाळं हवं तितकं.

बॅगेत हे हवंच

– सोनोग्राफीचे रिपोर्ट, ब्लडग्रुप आणि चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये. फोनमध्येही फोटो.
– नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, ओआरएसची पाकिटं.
– विमानात आइल सीट. मोठ्या प्रवासात तासा-दीड तासानं पाय मोकळे करा.
– टॅक्सीत सीटबेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर. पोटावरून कधीच नाही.
– टोपी आणि सनस्क्रीन. या दिवसांत उन्हानं चेहऱ्यावर वांग लवकर उठतात.
– हॉस्पिटलचा पत्ता दोघांच्या फोनमध्ये.
– हॉटेल आणि तिकीट, दोन्ही रद्द करता येण्याजोगं. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत.
– रक्तस्राव, पाणी जाणं, सतत पोटात कळा, जोराची डोकेदुखी किंवा ताप आला तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल.

या यादीतला मला सगळ्यात आवडलेला मुद्दा रद्द करण्याचा. हवं तेव्हा परत फिरता येईल हे पक्कं झालं आणि मग जायची भीतीच कमी झाली. डॉक्टर मॅडमनी हिरवा कंदील दाखवलाय. सासूबाईंना हॉस्पिटलचं अंतर किलोमीटरमध्ये सांगितल्यावर त्यांचा व्हेटो मागे आला, वर नारळाच्या वड्या कधी करून देऊ, असंही विचारून झालं.

एक्सेल शीटमध्ये आता अकराच्या तीन ओळी उरल्यात. सकाळी वाळूवर चालणे. दुपारी झोपणे. संध्याकाळी काही न करणे. तिसऱ्या ओळीपुढे नवरोबांनी ‘कालावधी’ असा रकाना ठेवलाय. तो मी रिकामाच ठेवणार आहे. सध्या मोजणं बंद!