अवजार जुने होते तेव्हा

पगार वेळेवर येतो, घराचा हप्ता वेळेवर जातो. मग हा माणूस रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात एकटा का उभा असतो, हे घरच्यांना उमगत नाही. विचारले तर ‘काही नाही, ऑफिसचे’ एवढेच उत्तर मिळते. संगणकक्षेत्रातील चाळिशीच्या माणसाच्या घरी हे ‘ऑफिसचे’ काय असू शकते, ते एका उदाहरणाने पाहू.

मोबाइल अ‍ॅप बनवायचे तर आयफोनसाठी एकदा आणि अँड्रॉइडसाठी पुन्हा एकदा लिहावे लागे. झॅमरिन या साधनाने हे दुहेरी कष्ट वाचवले. सी-शार्प या एकाच भाषेत लिहिलेला बराचसा भाग दोन्हीकडे चालू लागला. त्याचा जन्मही एका आघातातूनच झाला होता. २०११ मध्ये नॉव्हेल कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली, ‘मोनो’ प्रकल्पावरील मंडळींच्या नोकऱ्या गेल्या आणि त्यांच्यापैकी मिगेल दि इकाझा यांनी नॅट फ्रीडमन यांच्यासह ही नवी कंपनी उभारली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. आता ही विद्या जन्मभर पुरेल, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. पुढे मे २०२२ मध्ये ‘डॉट नेट माउई’ हा वारस आला आणि १ मे २०२४ रोजी झॅमरिनचा अधिकृत आधार संपला.

त्या दिवशी काहीच बंद पडले नाही. लोकांच्या फोनमधील अ‍ॅप चालतच राहिली. मात्र अ‍ॅपल आणि गूगल आपल्या दालनात येणाऱ्या अ‍ॅपसाठी नव्या आवृत्तीची अट वेळोवेळी पुढे सरकवतात. जुन्या साधनाला ती गाठता येईनाशी झाली, की चालत्या अ‍ॅपची दुरुस्त आवृत्ती पाठवण्याची वाट बंद होते. दहा वर्षांचे काम डोळ्यांसमोर असते, पण त्याला हात लावता येत नाही.

मिनेसोटा विद्यापीठाच्या गुणश्री प्राध्यापिका पॉलीन बॉस यांनी एका निराळ्या दुःखाला १९७०च्या दशकात नाव दिले. मराठीत त्याला ‘अस्पष्ट वियोग’ म्हणता येईल. बेपत्ता सैनिकांची कुटुंबे, स्मृतिभ्रंश झालेल्यांचे आप्त यांना तो भोगावा लागतो. माणूस गेला असे म्हणता येत नाही, आहे असेही म्हणवत नाही, म्हणून शोकालाही जागा मिळत नाही. कौशल्याच्या ऱ्हासाची त्याच्याशी बरोबरी करणे धाडसाचे आहे, हे मान्य. तरीही नोकरी टिकून असताना आलेली ही पोकळी कोणाला सांगावी, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

‘मग नवीन शिकून घे, त्यात काय!’ हे वाक्य घरात सहज उच्चारले जाते. सी-शार्प भाषा माउईतही चालते, हे खरे. परंतु पडद्यांची मांडणी बरीचशी नव्याने करावी लागते, जोडून घेतलेले कितीतरी भाग बदलावे लागतात. शिवाय कोणत्या फोनवर कोणती खोड निघते, ती कशी मोडायची, हे वर्षानुवर्षे हातात मुरलेले ज्ञान एकाएकी निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा ‘तू केलेले अ‍ॅप एकदा दाखव ना’ असे म्हणून पाहावे. पुष्कळ घरांत ते कोणी पाहिलेलेच नसते.

झोपेबाबत एक साधा उपाय आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ५७ निरोगी तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिली, इतरांनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. प्रयोग लहान होता, पण करून पाहण्यास खर्च काहीच नाही. ‘माउई शिकणे’ असे मोघम न लिहिता ‘उद्या लॉगिनचा पडदा बदलणे’ असे लिहावे. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये; वीसेक मिनिटांनी उठून मंद प्रकाशात बसावे. फोन मात्र दूरच असावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, मद्याचे प्रमाण वाढले असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी आली तर त्याच दिवशी मदत मिळवावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. काळजीने घेरलेले कुटुंबीयही तेथे दूरध्वनी करू शकतात.