जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलताना

हार्ड डिस्क बहुधा एका दिवसात मरत नाही. आधी फाइल उघडायला वेळ लागतो, संगणक मध्येच अडकतो. वीज जाण्यानेही नुकसान होते, आणि पुण्याजवळच्या मुळशीत पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. यूपीएस नसेल तर लिहिणे चालू असतानाच डिस्क बंद पडते आणि फाइली बिघडतात.

डिस्क स्वतःच्या स्थितीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत ५ आणि १९७ या क्रमांकांपुढचे आकडे वाढू लागले, की सेक्टर खराब होत आहेत असे समजावे. अशा वेळी दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणे हा निव्वळ उतावळेपणा. आधी डेटा काढावा. लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’ सहज वाचता येणारा भाग आधी उतरवते, अडणाऱ्या जागा शेवटासाठी ठेवते. आतून टकटक येत असेल तर मात्र डिस्क पुन्हा चालूच करू नये.

नवी डिस्क घेण्यापूर्वी जोडणी पाहावी. रुंद, चपटी केबल म्हणजे जुनी आयडीई. अरुंद असेल तर साटा. साटावर २.५ इंची एसएसडी चालते, ३.५ इंची खणासाठी पट्टी लागते. पुण्याच्या तापकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. जुन्या बायोसच्या संगणकात विंडोजसाठी २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क घेऊ नये. अशा संगणकात विंडोज डिस्कची विभागणी एमबीआर पद्धतीने करते आणि त्या पद्धतीत त्यापुढची जागा वापरता येत नाही.