काम सर्वांचे, जबाबदारी कोणाची?

पेढीवर कामांची वाटणी कशी असते, हे व्यापाऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही. रोकड ज्याच्या हाती असते तो रोजकीर्द लिहीत नाही. रोजकीर्द लिहिणारा वखारीची किल्ली बाळगत नाही. आणि वखारीवरचा गुमास्ता चिठ्ठीवाचून एक पोतेही जागचे हलवीत नाही. संध्याकाळी रोकड आणि कीर्द यांचा मेळ बसला नाही, तर कोणाला विचारावयाचे याविषयी पेढीवर क्षणभरही संदेह नसतो. ही शिस्त आपल्या वाडवडिलांनी कोणत्या ग्रंथावरून घेतलेली नव्हती. नुकसान सोसून सोसून ती अंगवळणी पडली. वह्यांची जागा आता संगणकाने घेतली असली, तरी वाटणीचे तत्त्व तेच राहिले आहे.

नवल वाटते ते पुढेच. दुकानात इतका चोख असणारा हाच गृहस्थ जेव्हा एखाद्या संस्थेचे वसतिगृह, धर्मशाळा, दवाखाना किंवा सभागृह उभारावयास निघतो, तेव्हा ही सारी शिस्त तो जोड्यांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो. समिती नेमली जाते. ‘सर्वांनी मिळून काम पाहावे’ असा ठराव एकमताने संमत होतो, चहापान होते, आणि मंडळी समाधानाने घरी जातात. काम सर्वांचे झाले म्हणजे ते कोणाचेच राहिले नाही, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखक अशाच एका बांधकाम-समितीचा सभासद होता. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आणि आम्ही सातजण असल्यामुळे दोषाचा सातवा हिस्सा लेखकाकडे येतोच. वसतिगृहाचे काम उत्तम चालले होते. भिंतींना गिलावा झाला, स्नानगृहांतील फरशी बसली, आणि मग एके दिवशी असे आढळले की, गरम पाण्याचे नळ भिंतीत घालावयाचे राहूनच गेले आहेत. अकरा स्नानगृहांच्या भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या. तातडीची सभा भरली. वास्तुशिल्पी म्हणाले, ‘आराखड्यात नळ दाखविले आहेत, मी समितीला तसे सांगितलेही होते.’ ठेकेदार म्हणाला, ‘नळकाम माझ्या ठेक्यात नाही, ते करणारा माणूस केव्हा बोलवावयाचा, ते समिती कळविणार होती.’ एक सभासद म्हणाले, ‘मला वाटले, चिटणीसांनी कळविले असेल.’ चिटणीसांना वाटले होते की, रोज कामावर जाणारे सभासद ते पाहतच असतील. त्या सभेत कोणीही असत्य बोलले नाही, हे विशेष! जून महिन्यात राहावयास येणारी मुले मात्र ऑगस्टपर्यंत शहरात भाड्याच्या खोल्या शोधीत फिरली.

आमचे नुकसान पैशाने भरून निघाले. परंतु आपण ज्या शहरात व्यापार करतो, त्या हैदराबादने याच प्रश्नाची किंमत एकदा फार निराळ्या मापाने मोजलेली आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला पूर या शहराच्या स्मृतीतून अद्याप गेलेला नाही. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस पडला होता. पाण्याचा लोंढा सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट इतका झाला. अफझलगंज, कोळसावाडी हे नदीकाठचे भाग उद्ध्वस्त झाले. पूल वाहून गेले, पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज केला जातो. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, आणि ते झाड पुढे कितीतरी पिढ्यांना दाखविले गेले.

परंतु पावसाइतकीच महत्त्वाची अशी आणखी एक संख्या आहे. शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या पाणलोटात ७८८ लहानमोठे तलाव होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलास एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पुरात फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर जाऊन आदळे, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. तेलंगणातील गावांत तलावाचे पाणी शेतांना वाटून देणारा ‘नीरडी’ असे. आपला बांध, आपली मोरी, आपल्या गावचे भिजणारे शिवार त्याला तळहातासारखे ठाऊक असे. प्रत्येक तलावाला असा कोणीतरी राखणारा होता. पण ७८८ तलावांची मिळून जी एक साखळी होती, ती कोणाच्या नावावर होती? वरच्या बांधाला भगदाड पडत असल्याची वार्ता खालच्या गावाला आणि शहराला पोहोचविणे हे कोणाचे काम होते? या प्रश्नाचे उत्तर सापडणे कठीण आहे. इतका अतोनात पाऊस केवळ चोख व्यवस्थेने थोपविता आला असता, असे म्हणण्याचे धाडस लेखक करणार नाही. तथापि सुटे सुटे सांभाळणारे पुष्कळ आणि एकूण सांभाळणारा कोणीच नाही, ही अवस्था आमच्या अकरा स्नानगृहांहून फारशी निराळी नव्हती.

पुरानंतर निजाम सरकारने जे केले, ते मात्र अभ्यासण्यासारखे आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे येथे सेवा करून निवृत्त झालेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी परदेशप्रवासात होते. खडकवासल्याच्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव मराठी मुलखाला परिचयाचे झालेले होते. त्यांना सल्लागार अभियंता म्हणून पाचारण करण्यात आले आणि एप्रिल १९०९ मध्ये त्यांनी काम हाती घेतले. त्यांच्याकडे सोपविलेली कामे तीन होती. उद्ध्वस्त शहराच्या पुनर्रचनेत साहाय्य व सल्ला देणे, पुढील काळात पुरापासून शहराचे रक्षण कसे होईल याची योजना मांडणे, आणि शहरासाठी सांडपाण्याच्या निचऱ्याची संपूर्ण योजना तयार करणे. ‘पुराविषयी काहीतरी करावे’ असे त्यांना कोणी सांगितले नाही. काम नेमके होते आणि उत्तर देणारा माणूस एक होता. हाताखाली अभियंते दिलेले होते. परंतु अहवालाखाली उत्तरदायी नाव एकाचेच.

याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणते काम त्यांचे नाही हेही स्पष्ट होते. योजना मान्य करावयाची की नाही, पैसा केव्हा व किती द्यावयाचा, हा निर्णय सरकारचा होता. प्रत्यक्ष धरणे बांधणे हे राज्याच्या अभियंत्यांचे काम होते. ऑक्टोबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी अहवाल सादर केला. शहराच्या वर, मुसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांवर पूर अडविणारे जलाशय बांधावेत, असे त्यांनी सुचविले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत निघून गेले. १९११ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान निवर्तले. म्हणजे ज्याच्या राज्यात प्रश्न विचारला गेला तो राजा राहिला नाही, आणि ज्याने उत्तर दिले तो अभियंता येथे राहिला नाही. तरी १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर पूर्ण झाला. व्यक्ती बदलल्या, पण विचार करणारा, मान्यता देणारा आणि बांधणारा ही तीन स्थाने निराळी आखलेली असल्यामुळे रिकाम्या स्थानी दुसरा माणूस बसविता आला. आपल्या संस्थांत एक कार्यकर्ता आजारी पडला की इमारत चौथऱ्यावर थांबते, त्याचे कारण उत्साहाचा अभाव हे नव्हे. त्याच्या डोक्यात काय होते, तेच कोणाला ठाऊक नसते.

येथे एखादा चोखंदळ वाचक आक्षेप घेईल की, पेढीवर तर आपण एकाच्या हाती सारे देत नाही. मग बांधकामात एकाच नावाचा आग्रह का? आक्षेप योग्य आहे, आणि सारे मर्म तेथेच आहे. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था आठवावी. सभासदाने नोंदविले आहे की, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तीन अधिकारी एका योग्यतेचे असत, आणि धान्य व सामग्री यांसाठी कारखानीस निराळा असे. एकजण फितला तरी गड जाऊ नये, हा त्यातील हेतू. गड राखावयाचा होता. तिजोरीही राखावयाची असते. जे राखावयाचे, त्याची सत्ता वाटून द्यावी. उलट जे ठराविक मुदतीत पुरे करावयाचे, त्याचे उत्तर एकाने द्यावे. आमच्या समितीने नेमके विपरीत केले होते. पैशाची पिशवी, पावतीपुस्तक आणि हिशेबाची वही एकाच विश्वासू गृहस्थांकडे, आणि बांधकाम सातजणांकडे! ते गृहस्थ खरोखरच विश्वासू होते, हा आमच्या पुण्याईचा भाग, व्यवस्थेचा नव्हे.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात मोठ्या कार्यासाठी जबाबदारीचा तक्ता करण्याची रीत आहे. डाव्या बाजूस कामे लिहावयाची, वरच्या बाजूस माणसे, आणि प्रत्येक चौकटीत त्या माणसाचा त्या कामाशी संबंध कोणता, ते नोंदवावयाचे. संबंध चार प्रकारचे मानतात. कोणी ते काम हाताने करतो. कोणी त्या कामाबद्दल उत्तर देतो. कोणाचा सल्ला काम करण्यापूर्वी घ्यावयाचा असतो. आणि कोणाला ते झाल्याचे केवळ कळवावयाचे असते. हाताने करणारे दहा असोत, उत्तर देणारा प्रत्येक ओळीत एकच. आमच्या तक्त्यात ‘गिलाव्यापूर्वी नळ घालून घेणे’ अशी एक ओळ असती आणि तिच्यापुढे उत्तरदायी म्हणून सातांपैकी कोणाचेही एक नाव असते, तरी भिंती वाचल्या असत्या. ते नाव नळकामातील जाणत्याचे असावयास हवे होते असेही नाही. ज्याला उद्या विचारणार आहेत, तो आज चौकशी करतो, एवढेच त्यातले रहस्य.

मात्र नाव लिहून हात झटकणे हाही अन्यायच होय. ज्याच्याकडून उत्तर घ्यावयाचे, त्याला तेवढा अधिकार दिला पाहिजे. अमुक रकमेपर्यंतचा खर्च त्याने कोणास न विचारता करावा, त्यापुढे समितीकडे यावे, अशी मर्यादा आकड्यात लिहून ठेवावी. तो पर्युषणात, दिवाळीच्या हिशेबात किंवा घरच्या लग्नकार्यात गुंतला तर त्याच्या जागी कोण, हेही आधीच ठरलेले असावे. व्यापाऱ्याच्या वर्षात असे महिने ठाऊक असतात, ते अचानक येत नाहीत.

आणखी एक नाजूक गोष्ट. ज्यांनी सर्वांत मोठी देणगी दिली, त्यांनाच बांधकाम-समितीचे प्रमुख करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. देणगीदाराचा सन्मान व्हावयास हवा, यात शंका नाही. त्यांचे नाव शिळेवर कोरावे, उद्घाटन त्यांच्या हस्ते करावे. परंतु ज्यांना आठवड्यातून एकदाही कामावर जाणे शक्य नाही, त्यांचे नाव तक्त्यातील उत्तरदायी रकान्यात घालणे म्हणजे सन्मानाच्या निमित्ताने त्यांना अडचणीत टाकणे होय. शिवाय त्यांना विचारण्याचे धैर्य कोणाला होणार?

तक्त्यातील शेवटची ओळ बहुधा कोरीच राहते. काम पूर्ण झाल्यावर ते कोणी राखावयाचे? हैदराबादचे दोन जलाशय येथेही शिकविणारे आहेत. ते मूळ योजिले गेले पूर अडविण्यासाठी. पण पुढे शहराची तहानही तेच भागवू लागले. पूर अडवावयाचा तर जलाशयात जागा मोकळी हवी, आणि पाणी पुरवावयाचे तर तो भरलेला हवा. एकाच दरवाजावरील माणसास दोन आज्ञा मिळू शकतात, आणि पावसाच्या रात्री त्यांपैकी कोणती श्रेष्ठ, हे उन्हाळ्यातच ठरलेले असावे लागते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी शहराच्या परिसरात काही ठिकाणी ३० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस झाला. हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. पण त्या आठवड्यात वस्त्यांत शिरलेल्या पाण्याचा मोठा भाग जलाशयांतून आलेला नव्हता. पल्ले चेरुवू, गुर्रम चेरुवू अशा शहराच्या पोटातील जुन्या तलावांचे बांध फुटले, आणि त्यांच्या खाली वसलेल्या घरांत ते पाणी शिरले. या तलावांभोवती शहर वाढले, भिजणारे शिवार गेले, आणि पाणी वाटणाऱ्या नीरडीला तेथे काम उरले नाही. बांध मात्र तेथेच होता, आणि पाऊस पडला की पाणीही तेथेच येत होते.

आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आता एक छोटी पाटी लावलेली आहे. मृग लागण्यापूर्वी गच्चीच्या पन्हाळी साफ करून घेणे, टाकी धुऊन घेणे, आणि नळांच्या किल्ल्या फिरतात की नाही ते पाहणे, अशी तीन कामे तिच्यावर लिहिली आहेत आणि खाली एकच नाव आहे. गतवर्षी ते गृहस्थ मुलाकडे परगावी राहावयास गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी ते गच्चीवर आले, आपल्या नावावर रेघ मारली, आणि ज्यांचे नाव त्याखाली लिहावयाचे होते त्यांना सोबत घेऊन प्रत्येक पन्हाळ दाखविली. पूर्वेकडची एक पन्हाळ वाळलेल्या पानांनी दरवर्षी आधी तुंबते, हे त्यांनी दोनदा सांगितले.