कागदाची मुदत

कर सल्लागाराच्या घरात कागद रोज येतो आणि परत जायचं नाव घेत नाही. सांगलीत विश्रामबागला माझी वहिनी घरातल्या मागच्या खोलीत आयकराचं आणि जीएसटीचं काम करते. खोली दहा बाय दहाची, पूर्वेला एक खिडकी. गेली काही वर्षं त्या खोलीत टेबलापर्यंत पोचायला आडवं होऊन जावं लागे. यंदाच्या जानेवारीत, ३१ डिसेंबरची जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्रांची घाई संपल्यावर, आम्ही ती खोली रिकामी करून पुन्हा लावायला घेतली. मदतीला मी आणि आमचे बाबा. बाबा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झाले आहेत.

पसारा म्हटलं की माणूस आळशी, असा निष्कर्ष लोक पटकन काढतात. इथे तो लागू पडत नव्हता. निम्मी खोकी वहिनीची नव्हतीच. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती रोड, वखारभाग पाण्याखाली गेले. विश्रामबाग उंचावर, म्हणून मिळेल त्या वाहनात घालून अशिलांनी दुकानातले कागद वहिनीकडे आणून टाकले. "मॅडम, पाणी उतरलं की नेतो." पाणी उतरलं, दुकानं धुतली गेली, मग करोना आला, २०२१ला पुन्हा पूर आला. खोकी राहिली ती राहिलीच. दुसऱ्याचा कागद टाकताही येत नाही आणि उघडून बघायलाही हात धजत नाही.

वहिनीचा पहिला विचार नवीन फर्निचरचा होता. सुतार येऊन मापंही घेऊन गेला होता. बाबा म्हणाले, "कपाट नंतर. आधी प्रत्येक कागदाची मुदत ठरव." त्यांच्या कचेरीत कागदांचे वर्ग असत. 'अ' म्हणजे कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' पाच वर्षं, 'ड' एक वर्ष. गठ्ठा बांधतानाच वर्ग लिहिला जाई, त्यामुळे पुढे पंधरा वर्षांनी आलेल्या कारकुनाला तो उघडून वाचत बसायची गरज पडत नसे. खोलीचं रूप पालटलं ते या एका सूचनेमुळे, असं माझं ठाम मत आहे. कपाटं आणि रंग हा त्यानंतरचा भाग.

मुदत ठरवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. एकाच वर्षाच्या एकाच दुकानाच्या कागदांना दोन कायदे दोन तारखा देतात. आयकराच्या नियमात हिशेबाची पुस्तकं संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायची असतात. म्हणजे २०१७-१८चा हिशेब मार्च २०२५ला सुटला. जीएसटीत मात्र वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने मोजायचे. त्या वर्षीच्या विवरणपत्राची तारीख वाढत वाढत फेब्रुवारी २०२०वर गेली होती, म्हणून तेच कागद फेब्रुवारी २०२६पर्यंत हलवायचे नव्हते. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष थांबायचं. वहिनी हे सगळं तोंडपाठ सांगत होती, बाबा जाड स्केचपेनने गठ्ठ्यावर तारीख घालत होते आणि मी लेस बांधत होते. हळदीच्या अडत्यांच्या हिशेबपट्ट्यांवर "फेब्रुवारीनंतर" असा शेरा पडला. व्हॅटच्या काळातले, म्हणजे २००५ ते २०१७मधले, गठ्ठे त्या मानाने लवकर उरकले. वाद मिटल्याचा कागद आहे का, एवढंच बघायचं होतं.

पुरात भिजलेलं एक खोकं उघडलं तेव्हा आतून गाळाचा आंबूस वास आला. सहा वर्षांनंतरही. रोजमेळाची पानं एकमेकांना चिकटून वहीची वीट झाली होती. बाबांनी कडेने पातळ पट्टी सरकवत ती हळूहळू सोडवली. लेझर प्रिंटरवर काढलेली बिलं मळकट झाली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बॉलपेनचं लिखाणही टिकलं होतं. शाईपेनने लिहिलेल्या पानावर नुसते निळे ढग उरले होते, आणि त्याच पानावर मालकाने खाली बॉलपेनने केलेली सही तेवढी स्पष्ट. पेट्रोल पंपाच्या पावत्या तर पुराशिवायच कोऱ्या झाल्या होत्या. तो उष्णतेने छपाई होणारा कागद, काही वर्षांत उडतोच. महत्त्वाची असेल तर त्याची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी लागते.

एका निवृत्त शिक्षिकेच्या फाइलमध्ये २००४चं बिल सापडलं. गवंड्याने साध्या पॅडवर लिहिलेलं. वरच्या मजल्यावर खोली चढवली त्याचं सिमेंट, सळई, मजुरी. मी ते 'ड'मध्ये टाकायला निघाले होते. वहिनीने हात धरला. "अगं, हे घर विकेपर्यंत लागणार." घर विकताना भांडवली नफा काढतात, तेव्हा खरेदीच्या किमतीबरोबर असा वाढीव बांधकामाचा खर्चही वजा मिळतो, पण तो दाखवायला काहीतरी पुरावा हवा. बाईंच्या घराचं खरेदीखत आणि इंडेक्स टू जपलेलं होतं. खर्चाचा पुरावा मात्र हा एकच चतकोर कागद. बाबांनी त्यावर 'अ' लिहिलं. एवढ्या ढिगातून असा एक कागद हाती लागला की दिवसभराच्या धुळीचं काही वाटत नाही.

जे टाकायचं ते रद्दीवाल्याला सरसकट द्यायला वहिनी तयार नव्हती, आणि मला ते फार पटलं. पॅनच्या, आधारच्या झेरॉक्स, बँकेची खातेपत्रकं, पगाराच्या पावत्या: माणसाचा सगळा संसार त्यात असतो. त्याची पुडी बांधली जाऊन भेळेच्या गाडीवर जाता कामा नये. हे कागद श्रेडरमध्ये गेले. घरगुती श्रेडर थोड्या वेळात तापून बंद पडतो, त्याला विश्रांती द्यावी लागते. त्या वेळात आम्ही पिना काढायचो. कोऱ्या पाठीचे फॉर्म, जुनी मासिकं, छापील माहितीपुस्तकं तेवढी काट्यावर गेली.

उरलं त्याचं वजनही धरावं लागतं. ८० जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा, पाचशेचं रीम अडीच किलोचं. उभ्या लावलेल्या फायलींच्या एका फुटात साधारण पंधरा किलो बसतात. वहिनीची जुनी चार फुटी फळी मधोमध वाकली होती ती याच भाराने. या वेळी सुताराने प्रत्येक फळीला मध्ये आधार दिला. लोखंडी कपाट रिकामं करून, पायांखाली गोणपाट घालून भिंतीला ओढलं. यूपीएस पायातून बाजूला गेला, वायरी टेबलाच्या मागून बांधल्या. टेबल आता असं आहे की खिडकी डाव्या हाताला येते. पूर्वी ती पाठीशी होती, सकाळी पडद्यावर ऊन चमकायचं आणि वहिनी मान वाकडी करून आकडे वाचायची.

सगळ्यात मोलाची जागा मिळाली ती एका खुर्चीची. खोलीत बसायला जागाच नसल्याने अशील हॉलमध्ये बसत. कर्ज किती, हप्ता का थकला, मुलाच्या नावावर काय केलं, हे सगळं टीव्ही चालू असताना, घरच्या माणसांसमोर सांगावं लागे. काहीजण आवाज इतका खाली आणत की वहिनीला दोनदा विचारावं लागे. आता टेबलासमोर खुर्ची आहे आणि दार लावता येतं.

खोकी परत करायला वहिनीने आवक-जावक रजिस्टर घातलं. एकेकाला फोन लावले. बहुतेकांना आपण काही ठेवलं होतं हेच आठवत नव्हतं. मूळ कागद मोजून दिले, समोर सही घेतली, मुदत संपलेल्यांचं काय करायचं ते विचारून घेतलं. एका व्यापाऱ्याचं दुकान पुरानंतर बंदच पडलं, कुटुंब गाव सोडून गेलं. त्यांची तीन खोकी अजून कपाटावर आहेत. शेजारच्या दुकानदाराकडून पत्ता मिळाला, तिथे वहिनीने स्पीड पोस्टने पत्र पाठवलं आहे.

परवा मी गेले तेव्हा तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. काम झालं, वहिनीने कागद समोरच स्कॅन करून फाइल त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "असू दे की मॅडम इथंच, आमच्याकडं हरवतंय."

"दादा, तुमचं खरेदीखत आहे त्यात. घरी कपाटात ठेवा. इथं त्याची प्रत आहे." त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग रजिस्टरमध्ये सही केली आणि फाइल पिशवीत घातली.