टकीला आधी हुंगावी, मग चाखावी

टकीला म्हटलं की मीठ, लिंबाची फोड आणि एका दमात घशाखाली जाणारा छोटा ग्लास, एवढंच अनेकांना ठाऊक असतं. अशा पिण्यात मजा असेल, पण चव कळत नाही. मीठ आणि आंबटपणा जिभेचा ताबा घेतात, आणि नाकाला तर वेळच मिळत नाही. मेक्सिकोत, विशेषतः टकीला नावाचं गाव ज्या राज्यात आहे त्या हलिस्कोमध्ये, चांगली टकीला घुटक्या-घुटक्याने पितात.

ती निवडुंगापासून होते, हाही एक गैरसमज. ती होते निळ्या अगेव्हपासून, आणि ही अगेव्ह आपल्या बांधावरच्या घायपाताची सख्खी बहीण. निवडुंगाशी तिचं नातं नाही. बाटलीत अळी असते ती मेझकाल या अगेव्हच्याच मद्याच्या काही बाटल्यांत, टकीलाच्या नव्हे.

सर्वांत चिवट समज रंगाचा आहे: जितकी गडद, तितकी उंची. टकीलाचे प्रकार मुरवण्याच्या काळावरून ठरतात. ब्लांको पिंपात मुरवलेली नसते, किंवा मुरवली तरी दोन महिन्यांहून कमी. रेपोसादो किमान दोन महिने, अन्येहो किमान एक वर्ष आणि एक्स्ट्रा अन्येहो किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहते. सोनेरी छटा, व्हॅनिला, दालचिनी हे सगळं त्या लाकडाचं देणं. शिवाय मुरवलेल्या प्रकारांत कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक वजनाच्या एक टक्क्यापर्यंत मिसळायला मेक्सिकोचा नियम मुभा देतो. म्हणून रंगावरून वय ठरवू नये. एखाद्या डिस्टिलरीची पारख करायची तर मी तिची ब्लांको आधी चाखायला सांगेन, कारण तिथे लाकडाचा आडोसा नसतो.

निमुळत्या तोंडाचा ग्लास घ्या. नाक आत खुपसू नका. कडेपाशी आणून ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा. पहिल्यांदा अल्कोहोल झोंबतं, म्हणून थोडं थांबून पुन्हा हुंगा. आता शोधायचा तो शिजलेल्या अगेव्हचा वास: भाजलेल्या रताळ्यासारखा गोडसर, खमंग. अगेव्हचा गाभा, म्हणजे पिन्या, शिजताना त्यातल्या फ्रुक्टानची फ्रुक्टोज साखर होते आणि हा वासही तेव्हाच तयार होतो. विटांच्या भट्टीत हे काम सावकाश चालतं, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात, लवकर उरकतं. डिफ्युझर यंत्रात मात्र न शिजवलेल्या अगेव्हच्या किसातून गरम पाण्याने साखर ओढून काढतात आणि रस नंतर तापवतात. तिथे हा वास बहुधा फिका पडतो. शिजलेल्या अगेव्हमागून लिंबाची साल, काळी मिरी, पुदिना, ओलं गवत असे वास येतात. व्हॅनिलाच सगळ्यांच्या पुढे येत असेल तर मी सावध होते.

पहिला लहान घुटका तोंड सरावण्यापुरता. दुसरा जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हुंगताना निसटलेले कितीतरी वास या उलट वाटेने सापडतात. मागे रेंगाळणारी चव इथेच जोखायची: ती किती वेळ टिकते, अगेव्ह शेवटपर्यंत राहते की नुसता कडवटपणा किंवा चिकट गोडी उरते?

‘घशाला अजिबात लागत नाही, म्हणजे उत्तम’ हे मला मुळीच पटत नाही. जळजळ वेगळी आणि मिरीचा जिवंत तिखटपणा वेगळा. ग्लिसरीन आणि पाकाने कोणतंही मद्य मऊ भासवता येतं. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारांवरूनही दर्जा कळत नाही. पाणी आणि अल्कोहोलच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे त्या उमटतात.

बाटली मात्र नीट वाचावी. ‘१०० टक्के अगेव्ह’ असं लिहिलेलं नसेल, तर आंबवलेल्या साखरेतली ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसासारख्या दुसऱ्या स्रोताची असू शकते. आणि ‘नोम’ या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांक असतो, तो उत्पादकाचा. दोन ब्रँडांवर तो एकच दिसला, तर दोन्ही एकाच उत्पादकाकडून आलेले असतात, मग किमतीत कितीही अंतर असो.