समालोचकाच्या तोंडी शब्द कुणाचे?

पवनीच्या एका चहाच्या टपरीवर टीव्हीवर क्रिकेटचा सामना सुरू होता. समालोचक एका खेळाडूवर स्तुतिसुमने उधळत होता. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने विचारले, "काका, हे लोकं मनानं बोलतेत का यायले कोनी लिहून देते?" प्रश्न साधा होता, पण ज्या समाजाबद्दल पिढ्यानपिढ्या इतरांनीच बोलायचे ठरवले, त्या समाजाच्या पोराला तो पडावा, यात नवल नाही.

काही वाक्ये ठरवून दिलेलीच असतात. आयपीएलच्या पहिल्या काही वर्षांत षटकार गेला की समालोचक 'डीएलएफ मॅक्सिमम' म्हणत. झेल घेतला की 'कार्बन कमाल कॅच'. ही कुणाच्या मनातली उत्स्फूर्त दाद नव्हती, ती पैसे घेऊन केलेली जाहिरात होती. बाकीचे बोलणे मात्र कुणी ओळ न् ओळ लिहून देत नाही. थेट सामन्यात ते शक्यही नाही. पण त्याची गरजच काय? काय बोलायचे नाही, एवढे ठरवून दिले की काम भागते.

ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांनी २०१३ मध्ये भारतातील मालिकेचे समालोचन नाकारले. मंडळाचा कारभार, संघनिवड आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी या विषयांवर बोलू नये, अशी अट त्यांना मान्य नव्हती. ज्या मंडळाचा सामना, त्याच मंडळाचा समालोचक! मग मंडळाची चूक दाखवणार कोण? २०१६ मध्ये हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचनातून अचानक बाहेर झाले. कारण आपल्याला कुणी सांगितले नाही, असे ते म्हणाले. २०१९ च्या विश्वचषकात संजय मांजरेकर रवींद्र जडेजाबद्दल जे बोलले, त्यावरून वादळ उठले. मार्च २०२० मध्ये त्यांना मंडळाच्या यादीतून वगळले गेले. पुढे मार्गदर्शक सूचना पाळण्याची तयारी त्यांनी पत्राने कळवली. मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या, नावाजलेल्या माणसाची ही गत. मग नवख्याची जीभ किती मोकळी असणार?

तर मग सगळेच नाटकी का? नाही. कधीकधी मनातलेही बाहेर येते आणि ते अधिक बोलके असते. जुलै २०२१ मध्ये तामिळनाडूतील एका सामन्यात सुरेश रैना समालोचन कक्षात होते. चेन्नईची संस्कृती तुम्ही कशी आत्मसात केली, असे त्यांना विचारले गेले. आपणही ब्राह्मण आहोत, असे ते सहज बोलून गेले. हे त्यांना कुणी लिहून दिले नव्हते. म्हणजे मंडळावर टीका करताना ज्या कक्षात जीभ जड होते, तिथेच जातीचा अभिमान मात्र आपसूक ओठांवर येतो. मंडळाची भीती करारातून येते, जात संस्कारातून येते. तिच्यासाठी कागद लागत नाही.

याच मौनाचा दुसरा बळी आपला इतिहास आहे. पालवणकर बाळू या चर्मकार समाजातील गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात मैदानावर त्यांची गोलंदाजी चालत असे, पण चहा वेगळ्या कुल्हडमध्ये मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पावसाने खेळ थांबला की जुन्या आठवणींचा रतीब घालणाऱ्या किती समालोचकांच्या तोंडी तुम्ही बाळूंचे नाव ऐकले?

१९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, या देशात पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता तिचा धंदा झाला आहे. साबण तयार करण्याइतकीच तिची नैतिकता उरली आहे, ही त्यांची टीका आजच्या समालोचन कक्षालाही लागू पडते.

पण बोट फक्त मुंबईकडे दाखवून चालणार नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने होतात. माईक हातात घेतलेला आपलाच पोरगा दर पाच मिनिटांनी देणगीदाराचे नाव घेतो, पाहुण्याला 'दानशूर' म्हणतो. मैदानावर खडे आहेत, पंचाने चूक केली, हे तो बोलत नाही. पुढच्या वर्षीची वर्गणी त्याच्या डोळ्यांसमोर असते. मिंधेपणाची सुरुवात इथूनच होते.

म्हणून त्या पोराला मी एवढेच सांगितले : "बाबू, तो खरं बोलते का खोटं, हे नंतर पाय. त्याचा पगार कोन देते आन् तो कशावर गप्प बसते, हे आधी पाय." आणि पुढच्या सामन्यात गावचा माईक तुझ्या हाती आला, तर देणगीदाराच्या नावासोबत मैदानावरच्या खड्यांबद्दलही बोल.