भागीदारी आधी वहीत तुटते

आम्ही पेढीवर बसू लागलो तेव्हा कापडाच्या गाठी तागाच्या गोणपाटात बांधून येत. ह्याच तागाने एके काळी पाकिस्तानची तिजोरी भरली, आणि त्याच्या हिशेबावरून त्या देशाची फाळणी होण्याची वेळ आली. व्यापारी व कारागीर बांधवांनी हा इतिहास धंद्याच्या नजरेने एकदा पाहावा.

१९४७ साली पाकिस्तानचे दोन हिस्से होते, मध्ये भारताचा सुमारे १६०० किलोमीटर मुलूख. निम्म्याहून जास्त लोक पूर्वेला. राजधानी मात्र पश्चिमेला, आधी कराची व पुढे इस्लामाबाद. परदेशी चलन मिळवून देणारा मुख्य माल म्हणजे पूर्वेचा ताग. त्या चलनाचे वाटप केंद्राच्या हाती होते आणि आयातीचा मोठा वाटा पश्चिमेकडे जाई. माल आपला, मग मुनाफा कुठे जातो, असे पूर्वेचे लोक विचारू लागले.

त्यात भाषेचा घाव बसला. मार्च १९४८ मध्ये जीनांनी ढाक्यात जाहीर केले की राज्यभाषा एकटी उर्दूच राहील. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बांगला भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या घटनेने बांगलालाही दर्जा दिला, पण दुखावलेली मने सांधली नाहीत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, उर्दूवर आमची मोहब्बत आहे. तिच्या नावाने जबरदस्ती झाली आणि विनाकारण तीच बदनाम झाली, याचे आम्हांला वाईट वाटते.

फेब्रुवारी १९६६ मध्ये लाहोरला शेख मुजीबुर रहमान यांनी सहा कलमे मांडली. त्यातली तीन सरळ खातेवहीची होती : पूर्वेचे भांडवल पश्चिमेला वाहून जाऊ नये अशी चलनव्यवस्था, कर बसविण्याचा हक्क प्रांतांना, आणि परदेशी चलनाची दोन वेगळी खाती. केंद्राने त्यांना फुटीर ठरवून तुरुंगात टाकले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत त्यांच्या अवामी लीगने पूर्वेच्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, तरी सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर उतरले. सुमारे १ कोटी लोक भारतात आश्रयाला आले. १६ डिसेंबरला बांगलादेश मोकळा झाला.

दोन्हीकडे बहुसंख्य लोकांचा धर्म एक होता, तरी भागीदारी टिकली नाही. आपल्या पेढ्यांवरही सख्खे भाऊ, मामा-भाचे भागीदार असतात. एखाद्याने हिशेब मागितला की आपण त्याला दुश्मन समजतो. बांधवांनो, त्याच दिवशी वही उघडून त्याच्यापुढे ठेवावी. हिशेब मागणाऱ्याला अजून सोबत राहायचे असते.